होडी विकणे आहे

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे मुलं येऊ लागतात. कुणी लांज्याहून, कुणी देवरुखहून, कुणी पार गुहागरहून. हातात एलिमेंटरी-इंटरमिजिएटची सर्टिफिकेटं, सोबत बाबा. बाबांच्या मनात एकच प्रश्न असतो, जाहिरातीच्या धंद्यात पोट भरतं का? मुलांचा प्रश्न वेगळा असतो आणि तो विचारताना ती थोडी लाजतात. मॅडम, आयडिया सुचते कशी?

पोटाचं पुढे सांगते. आधी आयडियाचं. इतकी वर्षं जाहिरातीत लिहून माझं एक मत पक्कं झालंय. चांगल्या जाहिरातीतली ओळ बहुतेक वेळा आधीच कुणीतरी बोलून गेलेलं असतं. वस्तू बनवणारा किंवा वापरणारा माणूस ती सहज, कामाच्या ओघात बोलतो. आपण तिथे बसलेलं असावं लागतं आणि आपण विचारलेलं असावं लागतं. विचारायची सवय हीच या धंद्यातली खरी कमाई, आणि ती रत्नागिरीतसुद्धा लावून घेता येते. मी तर ती इथेच लावून घेतली.

बी.कॉम. झाल्यावर मी इथल्या एका दैनिकात जाहिरात खिडकीवर बसायला लागले. लोकांनी लिहून आणलेला मजकूर घ्यायचा, शब्द मोजायचे, पैसे घ्यायचे, पावती फाडायची. मोठ्या जाहिराती कॉलम सेंटीमीटरवर, छोट्या जाहिराती शब्दांवर. ठरलेल्या शब्दांच्या पुढे गेलं की प्रत्येक शब्दाला जादा पैसे. त्यामुळे गिऱ्हाईक आणि मी, दोघांचंही लक्ष एकाच गोष्टीकडे असायचं: यातलं काय काढता येईल?

फुलस्केपचा अर्धा कागद, वर ‘श्री’, खाली निळ्या शाईत मजकूर. जागा भाड्याने देणे. वधू पाहिजे. मार्कलिस्ट हरवली आहे. एकदा मिरकरवाड्याचे एक काका होडी विकायची म्हणून आले. त्यांच्या कागदावर होतं, ‘उत्तम स्थितीतील, मजबूत बांधणीची, सर्व सोयींनी युक्त अशी होडी घरगुती अडचणीमुळे वाजवी किमतीत त्वरित विकणे आहे.’ इंजिनाचा तपशील आणि पत्ता धरला तर मजकूर दराच्या बाहेर जात होता. काका ‘मजबूत’ काढायला तयार नव्हते आणि ‘उत्तम’ तर नव्हतेच. थोडी हुज्जत झाली. मग मी विचारलं, “काका, शेवटची पाण्यात कधी गेली होती?”

“शेवटची म्हणजे? रोज जाते की. आज पहाटेच बांगडा घेऊन आलो तिच्यातनं. विकेपर्यंत जाणारच ती.”

मी लिहिलं, ‘रोज समुद्रात जाणारी होडी विकणे आहे.’

काकांनी कागद लांब धरून वाचला, परत वाचला. “हे मी बोललो तेच की, बाय,” म्हणाले, आणि पैसे मोजून दिले. ‘मजबूत’ राहिलं की गेलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. रोज समुद्रात जाणाऱ्या होडीला ते लावायची गरजच उरली नव्हती.

त्या खिडकीवर मी आणखीही पुष्कळ शिकले. निधनवार्ता लिहायला आलेल्या माणसाला घाई करायची नसते. ‘वर पाहिजे’च्या मजकुरात आईबापांना मुलीबद्दल जे मनापासून सांगायचं असतं ते कागदावर नसतं, बोलण्यात असतं. हॉटेलच्या उद्घाटनाच्या जाहिरातीत मालकाला सगळ्या पाहुण्यांची नावं हवी असतात, आणि जेवायला काय मिळणार ते कुणीच लिहीत नाही. पुढे मुंबईत या सगळ्याला इंग्रजी नावं मिळाली. इनसाइट, प्रपोझिशन, टार्गेट ऑडियन्स. नावं कळली याचा फायदा झाला, मीटिंगमध्ये बोलता येऊ लागलं. पण काम तेच होतं.

मुंबईत गेले ती कॉपी टेस्ट देऊन. अजूनही बऱ्याच एजन्सी नवख्या कॉपीरायटरला, म्हणजे जाहिरात लिहिणाऱ्याला, अशी टेस्ट देतात. एका कुलपासाठी हेडलाइन लिहा, एक पत्र लिहा, तुम्हाला न आवडणाऱ्या वस्तूची बाजू मांडा, असं काहीबाही असतं. त्यात डिग्री विचारत नाहीत, डोकं कसं चालतं ते बघतात. मला घेतलं ते मात्र मराठीसाठी. म्हणजे हिंदी किंवा इंग्रजीत कॅम्पेन पूर्ण तयार व्हायचं, फिल्म शूट व्हायची, आणि मग शेवटच्या दोन दिवसांत ते ‘लँग्वेज’ला यायचं. ओठांच्या हालचालींत बसेल असं मराठी करायचं, तेही तीस सेकंदांत. त्या कामाला कौशल्य लागतं आणि मी ते मन लावून केलं. पण त्यात करिअर होत नाही, हेही तितकंच खरं. दुसऱ्याच्या घरात सामान लावून देण्यासारखं ते आहे, भिंती कुठे असाव्यात ते कुणी आपल्याला विचारत नाही.

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझं म्हणूनच एक सांगणं असतं: पहिल्या दिवसापासून ब्रीफ मागा, म्हणजे कुणाला काय सांगायचंय ते लिहिलेला मूळ कागद. ‘मला भाषांतर करायला फिल्म दाखवताय, तर सोबत ब्रीफही दाखवा,’ असं मी मागत राहिले. सुरुवातीला कुणी दिलं नाही. मग क्लायंट सांभाळणाऱ्या, सर्व्हिसिंगमधल्या एका मुलीनं दिलं. ते वाचून मी मराठीत नव्यानं काही लिहून दिलं, ते आवडलं, आणि हळूहळू आधीच्या बैठकांना बोलावणं येऊ लागलं. मराठी बाजारासाठीचं काम मुळातून मराठीत सुचलेलं असेल तर ते गावात पोहोचतं, हे तुम्ही करूनच दाखवावं लागतं. कुणी आधी मान्य करत नाही.

या बाबतीत आमच्या पिढीवर जाहिरात लिहिणाऱ्या पीयूष पांडेंचं मोठं ऋण आहे. १९८२ साली ते ओगिल्वी या एजन्सीत लागले ते क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये, लिहायला नंतर लागले. त्याआधी चहा चाखायची नोकरी केलेली, राजस्थानकडून रणजी खेळलेले. इंग्रजीत विचार करणाऱ्या धंद्यात त्यांनी रस्त्यावरचं बोलणं आणलं. त्यांच्या फेविकॉलच्या जाहिरातीतली ती बस आठवते? माणसांनी लगडलेली, खड्ड्यांतून हेलकावे खात जाणारी, आणि एकही माणूस पडत नाही. बोलणं जवळजवळ नाहीच. गणपतीत उभ्यानं एसटीचा प्रवास केलेल्या कोणत्याही कोकणी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये ते गेले तेव्हा जाहिरातीशी काही संबंध नसलेल्या माझ्या मामानं मला फोन केला होता. जाहिरात लिहिणाऱ्या माणसासाठी कुणाला असं वाटावं, हे या कामाबद्दल पुष्कळ सांगून जातं.

मुंबईतली दुसरी शिदोरी म्हणजे जोडीनं काम करणं. एक लिहिणारा, एक चित्राचा, दोघांनी एका टेबलावर बसून विचार करायचा. अमेरिकेत बिल बर्नबाक यांनी ही पद्धत रुजवली आणि आता जगभर तीच चालते. माझा जोडीदार मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचा होता. तिथे १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला, तीच पुढे सर ज. जी. उपयोजित कला संस्था झाली. अक्षर कसं पाहायचं ते मला त्यानं शिकवलं. र. कृ. जोशी हे नाव मी त्याच्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं. जाहिरात एजन्सीत आर्ट डायरेक्टर म्हणून काम केलेला हा सुलेखनकार, आणि आपण वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवर मराठी वाचली तो मंगल फॉन्ट त्यांचा. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी लिहिली की पेपरातल्या इंचभर जागेत नाटकाची जात कळायची, विनोदी की गंभीर. हे लोक आपल्याच धंद्यातले होते, हे मुलांना ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं.

आईचं वय झालं म्हणून मी रत्नागिरीला परत आले. तेव्हापासून इथूनच काम करते. मुंबईच्या एजन्सीज प्रोजेक्टवर बोलावतात, लागलंच तर जनशताब्दीनं जाऊन येते. बाकी इथलं काम: आंबा, काजू, कोकम, होमस्टे, शाळा-कॉलेजं, आकाशवाणीचे स्पॉट.

यातलं कोकमचं काम जरा सविस्तर सांगते, कारण मुलांना मी नेहमी तेच दाखवते.

कुडाळ तालुक्यातल्या एका बचत गटाला अमृत कोकमच्या बाटलीचं लेबल करून हवं होतं. त्यांनी मजकूर पाठवला होता: ‘अस्सल, शुद्ध, आरोग्यदायी, पित्तनाशक, वजन कमी करणारे कोकणचे अमृत.’ हाच मजकूर चिपळूणपासून बांद्यापर्यंत कोणत्याही दुकानातल्या कोणत्याही बाटलीवर सापडतो. लेबल बदला, बाटल्या बदला, काही फरक पडत नाही. मी म्हटलं, तुम्ही करता तेव्हा मला येऊ दे.

मे महिना होता, रातांब्यांचा, म्हणजे कोकमच्या फळांचा, शेवटचा बहर. पडवीत चार-पाच बायका गोल बसलेल्या. एकीनं रातांबा मधोमध कापायचा, दुसरीनं बोटानं आतला गर आणि बिया काढून टोपात टाकायच्या. बिया फेकत नाहीत, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमचं तेल, होतं, थंडीत टाचांना लावायला. हातात राहते ती लालभडक अर्धी वाटी. ती साखरेनं शिगोशीग भरायची आणि अलगद बरणीत ठेवायची. तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. वाटी आडवी झाली की साखर सांडते, म्हणून हे काम घाईचं नाही. बरणी भरली की तोंडाला फडकं बांधून खळ्यात उन्हात. रोज थोडी हलवायची. हळूहळू साखर विरघळते, साली आकसतात आणि बरणीत लाल पाक वर चढत जातो. आधीच्या आठवड्यातली एक बरणी शेजारीच होती, तिच्यात साली तरंगत होत्या.

मी बराच वेळ बघत होते आणि मला एक गोष्ट दिसेना. म्हणून विचारलं, “पाणी कधी घालता?”

सगळ्या हसल्या. कापणारी बाई मान वर न करता म्हणाली, “पानी घातलां तर नासतलां मा ता. पानी पितलो तो घालतलो.”

झालं. लेबल तिथेच तयार झालं. बाटलीवर मोठ्या अक्षरांत एवढंच आहे: ‘यात पाणी नाही. ते तुम्ही घाला.’

अमृत कोकम घट्ट का, एका बाटलीत पुष्कळ ग्लास का होतात, किंमत शेजारच्या बाटलीपेक्षा जास्त का, या सगळ्याचं उत्तर त्यात आहे. शिवाय कसं प्यायचं तेही सांगून झालं. आणि वाक्य माझं नाहीच, त्या बाईंचं आहे. मी फक्त ते मालवणीतून पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकापर्यंत नेलं.

गटाच्या अध्यक्षबाईंना काळजी वाटत होती. ‘आरोग्यदायी’ नको? सगळे लिहितात. मग आम्ही बसून नियम वाचले. हेही कॉपीरायटरचंच काम आहे आणि मी ते जीव तोडून सांगते. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचे जाहिरात आणि दाव्यांबाबतचे २०१८चे नियम आहेत. ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ असे शब्द कुठे वापरता येतात यावर त्यांत अटी आहेत. खाण्याच्या वस्तूनं आजार बरा होतो असं तर लिहिताच येत नाही. लेबलवर घटक लिहायचे ते वजनाच्या उतरत्या क्रमानं. अमृत कोकममध्ये साखर भरपूर, म्हणजे घटकांत ती ठळकपणे दिसणार. तिच्या डोक्यावर ‘वजन कमी करणारे’ लिहिणं म्हणजे मधुमेह असलेल्या कुणा आजोबांना फसवणं. मला ते करायचं नव्हतं, आणि एकदा हे असं मांडल्यावर गटातल्या एकाही बाईला ते करायचं नव्हतं. साखर नको असणाऱ्यांसाठी त्यांचं आगळ, म्हणजे कोकमचा रस, आहेच, ते मिठातलं. त्याच्या बाटलीवर आम्ही ‘सोलकढीसाठी’ एवढंच लिहिलं.

जाहिरातीत खोटं बोलावंच लागतं का, असं बाबा लोक मला हळू आवाजात विचारतात. लागत नाही. एएससीआय ही जाहिरातवाल्यांनी १९८५मध्ये स्वतःच उभी केलेली संस्था आहे, फसव्या जाहिरातीविरुद्ध तिथे कुणीही तक्रार करू शकतो. पण नियमाच्या आधी मला व्यवहार दिसतो. खरी गोष्ट शोधायला गेलं की ओळ चांगली मिळते. खोटं लिहायला विशेषणं लागतात, आणि विशेषणं सगळ्यांकडे सारखीच असतात.

आंब्याच्या बाबतीत हे फार होतं. राजापूर तालुक्यातले एक बागायतदार पेटीचं डिझाइन घेऊन आले. बाग आडिवऱ्याकडची, पेटीवर मात्र ‘देवगड हापूस’ हवं. देवगड लिहिलं की विकतं, त्यांचं म्हणणं. हापूसला २०१८मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग, मिळाला. तो नावाचा मान आहे आणि बंधनही आहे. नोंदणी केलेल्यानंच तो वापरायचा, आणि आंबा जिथला तिथलाच सांगायचा. कर्नाटकातला आंबा आपल्या नावानं विकतात म्हणून आपण ओरडतो, मग एका तालुक्यानं दुसऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी ते काम त्या नावानं करणार नाही असं सांगितलं. ते रागावले, निघायच्या तयारीत होते. चहा होईपर्यंत थांबा म्हटलं, आणि बागेबद्दल विचारत बसले. कलमं किती जुनी? कुणी लावली? तेव्हा कळलं की आजोबांनी लावली, आणि तिथे माती नव्हती, नुसता कातळ. सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून डोक्यावरून माती आणून भरली, मग कलमं लागली. हे सांगताना त्यांचा आवाजच बदलला.

पेटीवर आता गावाचं नाव आहे आणि त्याखाली ओळ: ‘आधी कातळ फोडला. मग कलम लावलं.’ एका बाजूला मोकळी चौकट आहे, तिथे तोडणीची तारीख पेननं लिहायची. ही चौकट मला ओळीइतकीच आवडते. आढीत किती दिवस ठेवायचा हे घेणाऱ्याला त्यावरून कळतं, आणि हातानं लिहिलेली तारीख पाहिली की पेटी माणसानं भरलीय हे जाणवतं.

कारागिरीचंही थोडं सांगायला हवं, कारण नुसत्या ओळीनं काम होत नाही. मराठी लेबल छापून येतं तेव्हा निम्म्या वेळा ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्या’ फुटलेला असतो किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे उडी मारून बसलेली असते. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इंडिक ऑप्शन्स’ चालू करून इंडिक कंपोझर निवडायचा असतो, हे मुलांना कुणी सांगत नाही. आपल्याकडची फ्लेक्सची दुकानं बहुतेक कोरल सॉफ्टवेअरवर चालतात, कित्येकांकडे अजून श्री-लिपी फॉन्टमधल्या जुन्या फाइल असतात. दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. म्हणून फाइल देताना अक्षरं कर्व्ह्ज करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, द्यायची आणि त्याआधी मजकूर दोन माणसांकडून वाचून घ्यायचा, कारण कर्व्ह्ज झाल्यावर चूक दुरुस्त होत नाही. ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता फॉन्ट फुकट आहे, वाचायला स्वच्छ आहे, लेबलवरच्या बारीक मजकुराला तो लावा. आणि छापखान्यात स्वतः जाऊन पहिली शीट बघा. हापूसचा केशरी रंग स्क्रीनवर वेगळा असतो, पुठ्ठ्यावर वेगळा.

होर्डिंगचा हिशेब तर गणिताचाच आहे. मुंबई-गोवा हायवेवर गाडी ताशी ८० किलोमीटरनं असेल तर ती सेकंदाला २२ मीटर जाते. शंभर मीटरवरून फलक वाचता येतो असं धरलं तर गाडीतल्या माणसाकडे पाच सेकंदसुद्धा नाहीत, आणि चालवणाऱ्यानं तर रस्ता बघायचा आहे. मालकाला त्यात मेनू, चार फोन नंबर, स्वतःचा फोटो आणि ‘निसर्गाच्या कुशीत’ हवं असतं. हल्ली होमस्टेवाले एआयकडून मजकूर लिहून आणतात, त्यातही ‘निसर्गाच्या कुशीत’ असतंच. गुहागरपासून तारकर्लीपर्यंत सगळे एकाच कुशीत. मी मालकाला गाडीत बसवून त्याच्याच फलकासमोरून नेते आणि काय वाचलं ते विचारते. त्यानंतर वाद होत नाही. अमूलचे फलक १९६६पासून लोक मान वळवून वाचताहेत, त्यांत चित्र एक आणि शब्द मोजके.

रेडिओचंही तसंच. दहा सेकंदांच्या स्पॉटमध्ये वीस-बावीस शब्दांच्या वर जाऊ नये, तेही मोठ्यानं वाचून, घड्याळ लावून. डोळ्यानं वाचलेलं वाक्य कानाला चालेलच असं नाही.

आता पोटाचं.

मुंबईत सुरुवातीचा पगार कमी असतो, भाडं जास्त असतं, आणि रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं. तरीही शक्य असेल त्यानं दोन-तीन वर्षं एजन्सीत काढावीत असं मला वाटतं. तुमच्यापेक्षा चांगल्या माणसांनी तुमचं काम फेटाळणं, आणि का फेटाळलं ते सांगणं, हे शिक्षण इथे बसून मिळत नाही. इथे सगळे कौतुक करतात.

इथे राहून काम करायचं तर वर्षाचा अंदाज बांधावा लागतो. आंब्याच्या पेट्यांचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठरतं. फेब्रुवारीत येणारा बागायतदार उशिरा आलेला असतो, त्याला साधं आणि लवकर होणारं काहीतरी द्यायचं. गणपती आणि शिमग्याच्या आधी चाकरमान्यांसाठीच्या जाहिराती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, बागायतदारही मोकळे, तेव्हा पैसे येत नाहीत पण माणसं निवांत बोलतात. पुढच्या हंगामाची बहुतेक कामं मी पावसात बसून जमवते.

दर ठरवताना कागदावर लिहा: काय काय देणार, दुरुस्त्या किती वेळा, निम्मे पैसे आधी. जीएसटीच्या नोंदणीचं सीएला विचारून घ्या. ओळखीतल्या माणसाकडेही कागद द्या, ओळखीतल्या माणसाकडे तर द्याच. एका व्यापाऱ्यानं माझं डिझाइन नाकारून, पैसे न देता, वर्षभरानं तेच छापलं. तेव्हापासून अ‍ॅडव्हान्सशिवाय मी स्केचसुद्धा दाखवत नाही. कुणी प्रेमानं आंब्याची पेटी आणून दिली तर घरात घेते, आईला दाखवते, आणि बिलही पाठवते. बिल पाठवल्यानं इथे कुणाशी माझं बिनसलेलं नाही.

पोट भरतं. मुंबईतल्या माझ्या बरोबरीच्यांइतकं मिळत नाही, पण घर चालतं, आईची औषधं होतात, आणि एका मुलीला मी पगार देऊ शकते.

शिकायचं कुठे, तर चित्राची बाजू असेल त्यानं बीएफए अप्लाइड आर्टची सीईटी द्यावी. जे.जे. मिळालं तर सोडू नये. घरापासून लांब जाता येत नसेल तर देवरुखला आणि सावर्ड्यालाही कला महाविद्यालयं आहेत. लिहिणाऱ्याला डिग्री कुठलीही चालेल, पण वाचन हवं, आणि बाजारात उभं राहून माणसांचं बोलणं ऐकायचा कंटाळा नको.

पोर्टफोलिओत मुलं मोठ्या कंपन्यांचे बूट आणि कोल्ड्रिंक घेऊन येतात. त्यांबद्दल त्यांना इंटरनेटवरचं सोडून काहीच माहीत नसतं, आणि ते कामात दिसतं. त्यापेक्षा तुमच्या नाक्यावरचं चष्म्याचं दुकान घ्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्या, वेंगुर्ल्याचा काजू घ्या. तासभर गप्पा मारा, कोण येतं, काय विचारतं, काय न घेता परत जातं ते लिहून काढा. मग एक विचार ठरवा आणि तो फलकावर, पेपरात आणि रेडिओवर, तिन्हीकडे चालतो का बघा. एक चांगली ओळ कुणालाही सुचते. तीन ठिकाणी टिकणारा विचार असेल तरच ते कॅम्पेन. अशी पाच कॅम्पेन झाली की पोर्टफोलिओ झाला. प्रत्येकाच्या मागे अर्ध्या पानात लिहा, हे तुम्हाला कुणाच्या बोलण्यातून मिळालं. मुलाखत घेणारा ते अर्धं पान आधी वाचतो, मी तरी वाचते.

माझ्याकडे यायचं असेल तर ऑक्टोबरात या. पेट्यांची कामं सुरू झालेली असतात, मला लिहिणारा एक आणि चित्राचा एक असे दोघं लागतात. तीन महिन्यांचं काम, मानधन देते, जेवण आमच्याच घरी. येताना एक कॅम्पेन घेऊन या, कॉम्प्युटरवर केलेलं नसलं तरी चालेल, कागदावर पेन्सिलीनं आणा. ज्याच्यासाठी केलंय त्या दुकानदाराचा नंबर मागे लिहा. मी त्याला फोन करून विचारणार आहे, तुम्ही किती वेळ बसला होतात ते.